सुईणपणापासून प्रसूतिकक्षापर्यंत

(सावित्रीमाई फुले जयंतीनिमित्त विहारात भरलेल्या महिला मेळाव्यातील व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा फुले आणि सावित्रीमाई यांना प्रथम वंदन. आम्ही याच वस्तीतल्या परिचारिका. जनरल वॉर्डातून आम्ही प्रसूतिकक्षात, म्हणजे लेबर रूममध्ये गेलो आणि तिथेच रमलो. तिथे काय शिकलो ते सांगा, असा महिला मंडळाचा आग्रह होता.

हे काम आपल्या समाजाला नवं नाही. अनेक गावांत सुईणपण आपल्या आज्या-पणज्यांकडेच होतं. अडलेल्या बाईसाठी मध्यरात्री महारवाड्यात, मांगवाड्यात निरोप यायचा. मूल सुखरूप झालं, नाळ कापली, घाण उचलली, की त्याच बाईचा हात विटाळाचा ठरायचा. त्या हाताचं पाणी चालत नसे. काम मोलाचं, पण करणारीला किंमत नाही, अशी ती रीत होती. त्यामुळे आमच्यातल्या काहीजणी लेबर रूमला निघाल्या तेव्हा घरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, “शिकून पुन्हा तेच का करायचं?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर देण्यासाठीच आज उभ्या आहोत.

पहिलं उत्तर आपल्या पुण्याचंच आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं, मूल मारावं लागू नये, यासाठी ते होतं. आलेल्या बाईला दोष न देता तिचं बाळंतपण करायचं, हा त्या घराचा नियम. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं, तो डॉक्टर झाला. बाळंतपण हे विटाळाचं नव्हे, माणुसकीचं काम आहे, हे या शहराने तेव्हाच पाहिलं.

दुसरं उत्तर शिक्षणाचं. बारावीनंतर तीन वर्षांचा जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा कोर्स असतो. परीक्षा पास झाल्यावर परिचारिका म्हणून जशी नोंदणी होते, तशी प्रसाविका म्हणूनही होते. आजीला जे जातीने चिकटलं, ते नातीने ज्ञान म्हणून मिळवलं.

आता प्रत्यक्ष काम. वॉर्डातला पेशंट आजारी असतो. इथली बाई आजारी नसते, आणि एका खाटेवर दोन जीव असतात. इनचार्ज सिस्टरांनी आधी आम्हाला बसायला शिकवलं. पोटावर हात ठेवायचा, घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, हे मोजायचं. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० हवेत. कळा जोरात सुरू झाल्या की ते निदान अर्ध्या तासाने ऐकायचे, बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते कागदावर मांडायचं. ते पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत बाईला जोर करायला लावायचं नाही.

बाळ रडलं की घरचे पेढ्यांच्या मागे लागतात. आमचं खरं काम तेव्हा सुरू होतं. बाळाला पुसून आईच्या छातीवर ठेवायचं. मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. वार पूर्ण पडली का, पोट हाताला कडक लागतं का, रक्त किती गेलं, हे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघायचं. रक्त अर्ध्या लिटरवर गेलं की धोक्याची घंटा. बाळ हसतंखेळतं आणि आई गेली, असं घडतं ते बहुधा याच रक्तस्रावाने.

पण सर्वांत अवघड शिक्षण हातांचं नाही, जिभेचं आहे. कळांनी ओरडणाऱ्या बाईला “तेव्हा कळलं नाही का?” असं बोललेलं आम्ही एका रुग्णालयात कानांनी ऐकलं. ती बाई बहुतेकदा गरिबाची, आपल्याच वस्तीतली असते. अशा वेळी अंगुलिमालाची गोष्ट आठवावी. भिक्षेला निघालेल्या त्या भिक्षूला अडलेली बाई दिसली. तो तोंड फिरवून पुढे गेला नाही. तिच्या वेदनेने कळवळून तो तथागतांकडे गेला आणि त्यांच्या सांगण्यावरून परत येऊन त्याने तिच्या सुखरूप सुटकेसाठी सत्यवचन उच्चारलं. एकेकाळी माणसं मारणारा माणूस बाळंतिणीपाशी करुणेने उभा राहू शकतो, तर आपल्याला दोन गोड शब्द का जमू नयेत? तिला नावाने हाक मारावी, पाठ चोळावी, काय करतोय ते आधी सांगावं. तिची सोबतीण जवळ असू द्यावी. सरकारी रुग्णालयांसाठी शासनाचंही आता तेच धोरण आहे.

कुटुंबांना आमची विनंती आहे. परित्राणपाठ जरूर करा, पण रक्त जाऊ लागलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पाठ संपायची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. ससून असो, महापालिकेचं कमला नेहरू असो, तडक गाठा. बाळाला मध, गुटी, साखरपाणी नको. पहिल्या तासातच आईचा चीक पाजा. आणि मुलगी झाली म्हणून तोंडं पाडू नका. आई अजून खाटेवर असते, ती सगळं बघत असते.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलले. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. त्या कायद्यासाठी बोलणाऱ्याच्या लेकींनी बाळंतिणीच्या उशाशी उभं राहणं कमीपणाचं कसं असेल? मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली तर रात्रपाळीचं कारण सांगून तिला अडवू नका. सासरच्यांनीही अडवू नये. आज्यांच्या हातातली कला मुलींच्या हातात येऊ द्या, या वेळी मानाने आणि पगाराने.

सर्वांचं मंगल होवो. जयभीम!