गाठ यकृतात, मूळ कुठे?

आज बचतीचा हिशोब थोडा बाजूला ठेवू.

आमच्या गटातल्या एका काकूंना शौचातून रक्त जायचं. विचारलं की म्हणायच्या, "मुयव्याध हाय वो बाई, निंदन झालं का दाखवीन." सहा महिने गेले. वजन उतरलं, अंगातलं रक्त कमी झालं. शेवटी सोनोग्राफीत यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, गाठी निघाल्या. घरचे म्हणाले, लिव्हरचा कॅन्सर. पण दुर्बिणीने तपासल्यावर मूळ गाठ मोठ्या आतड्यात सापडली.

असं का होतं? जठरातून, आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. कॅन्सरच्या पेशीही त्याच वाटेने जाऊन तिथे रुजतात. पण यकृतात गेला तरी तो आतड्याचाच कॅन्सर असतो आणि औषधही त्याचंच लागतं. पऱ्हाटीच्या वावरात तुरीचं बी पडलं, तर उगवते तूरच ना!

म्हणून डॉक्टरांना विचारा, "मूळ कुठे आहे?" त्यासाठी दुर्बीण, सीटी स्कॅन आणि बायोप्सी करतात. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" या भीतीने ती टाळू नका. नुसत्या रक्ततपासणीवर नक्की निदान होत नाही.

काही गाठी खोल लपतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये पोटाच्या त्रासाने दवाखान्यात दाखल झाले. आजार स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा होता. १७ मार्च २०१९ ला ते गेले. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, म्हणून तिथला आजार बहुतेकदा उशिरा कळतो.

शौचातून रक्त, काळी शौच, तीन आठवड्यांहून जास्त बदललेली शौचाची सवय, कावीळ, विनाकारण घटणारं वजन, यांपैकी काहीही असलं तर अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार गाठा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार आणि सगळे जुने रिपोर्ट एकाच पिशवीत न्या.

पसरला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. आतड्यातून यकृतात गेलेल्या गाठी काही जणांच्या ऑपरेशनने काढता येतात. आमच्या काकूंची किमो सुरू आहे. त्या आता बैठकीत स्वतःच सांगतात, "निंदन थांबते, दुखनं नाई थांबत."

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना शेजारणीला तब्येतही विचारा.