हरळी, कुंदा आणि लव्हाळा



हंगामी तण बी धरण्यापूर्वी खुरपले की संपते. बहुवर्षायू तणाचे तसे नाही. त्याचा जीव जमिनीखाली असतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही अशी तीन तणे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. जगातील उपद्रवी तणांविषयी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मान्यवर ग्रंथात लव्हाळ्यास पहिले व हरळीस दुसरे स्थान देण्यात आले होते.

उपायापूर्वी ओळख पटली पाहिजे. हरळी जमिनीलगत पसरते, पेरापेरांशी मुळे धरते आणि तिचा तुरा बोटांसारखा फाकलेला असतो. कुंदा काळ्या, भारी जमिनीत माजतो. त्याच्या जाड, पेरेदार काशा खोलवर जातात. लव्हाळा गवतासारखा दिसला तरी गवत नव्हे. त्याची दांडी चिमटीत फिरवून पाहिली की तीन कडा हाताला लागतात. खाली गाठींची माळ असते.

या तणांचा मोठा फटका कांद्याला बसतो. कांद्याची पात अरुंद व मुळे उथळ. त्यामुळे तो तणावर सावली धरू शकत नाही आणि पाणी व खत तणच आधी घेते. लव्हाळ्याचा कोंब तर टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागदही भेदून वर येतो.

ओल असताना रोटाव्हेटर फिरविल्यास काशांचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. म्हणजे पैसे खर्चून आपण तणाची लागवडच करतो! यासाठी रब्बीची काढणी होताच खोल नांगरट करावी, उन्हाळ्यात ढेकळे तापू द्यावीत, काशा व गाठी वेचून पूर्ण वाळवाव्यात. त्या उकिरड्यावर टाकू नयेत. शेणखताबरोबर त्या पुन्हा शेतात येतात. हे काम एका वर्षात पुरे होत नाही. सलग दोन-तीन उन्हाळे नेटाने करावे लागते.

हरळी सर्वत्र शत्रू नव्हे. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच आणि बांधाची माती धरून ठेवते तीही हीच. ती बांधावर असावी, वाफ्यात नसावी.

एकट्याच्या श्रमाने मात्र हे साधणार नाही. भाड्याचे अवजार एका शेतातून दुसऱ्यात नेताना त्याला चिकटलेल्या काशा काढण्याचा नियम ग्रामसभेने करावा. शिक्षकांनी ही तीन तणे मुळांसकट मुलांना दाखवावीत. शेजाऱ्याचे रान स्वच्छ झाल्याखेरीज आपले रान स्वच्छ राहणार नाही, हे गावाने ओळखले पाहिजे.