पंचनामा संगणकाच्या स्मृतीचा
(बीड येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या अंतरंगाविषयी मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अवघड विषय जाणकारांकडून समजून घ्यावयाचा आणि तो लोकांपर्यंत पोहोचवावयाचा, हेच माहिती अधिकाऱ्याचे काम. शिवाय आजचा प्रश्न मुळात पत्त्याचा आहे, आणि जमिनीचा पत्ता म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातील माणसाला शिकवावे लागत नाही.

संगणकातील इतर सर्व आज्ञावलींना स्मृती व वेळ वाटून देणारी जी गाभ्याची आज्ञावली, तिला कर्नल म्हणतात. (सैन्यातील कर्नलशी तिचे नाते नाही, बियांतील गराशी आहे.) तिच्यात दोष उद्भवून ती कोलमडली की सारे यंत्र थांबते. त्या क्षणी स्मृतीत जे होते त्याची नक्कल जपून ठेवतात. ती नक्कल म्हणजे क्रॅश डंप. मी तिला पंचनामा म्हणतो. लिनक्स प्रणालीत २००५ साली यासाठी केडंप ही व्यवस्था आली आणि तिच्या घडणीत आय.बी.एम.च्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. स्मृतीचा थोडा भाग आधीच राखून ठेवावयाचा. पहिला कर्नल कोसळताच तेथून दुसरा, कोरा कर्नल सुरू करावयाचा आणि पंचनामा त्याच्याकडून करून घ्यावयाचा. ज्याच्या हातून अपघात घडला त्यालाच पंचनामा लिहावयास बसवू नये, हे आपणही जाणतोच.

आता पत्त्याकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक कार्यान्वित झाला. चुंबकीय कड्यांच्या त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ शब्द मावत. तेथे पत्ता म्हणजे प्रत्यक्ष जागा. दोहोंत अंतर नव्हते. पुढे १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलास संगणकाने आज्ञावलीचा पत्ता आणि स्मृतीतील जागा यांची फारकत केली. पहिला आभासी पत्ता, दुसरा भौतिक.

आपला सात-बारा आठवा. गट क्रमांक ४५ आष्टी तालुक्यातील एका गावी असतो, तसाच धारूर तालुक्यातील दुसऱ्या गावीही असतो. गाव सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. उलट, एकाच जमिनीला जुना सर्व्हे नंबर असतो आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबरही. आभासी पत्त्यांचे अगदी असेच आहे. दोन आज्ञावलींचा एकच पत्ता दोन वेगळ्या जागा दाखवतो, आणि एका जागेला अनेक पत्ते असू शकतात. जुळणी लावून देणारे दप्तर म्हणजे पृष्ठतक्ते. आजच्या बहुसंख्य ६४-बिटी यंत्रांत स्मृतीची पृष्ठे ४०९६ बाइटांची असतात आणि जागा बहुधा चार पायऱ्यांनी शोधली जाते. जिल्हा, तालुका, गाव, गट. मग त्या शेतात किती पावले चालावयाची, ते पत्त्याचा उरलेला भाग सांगतो.

पंचनाम्याची खरी अडचण येथेच आहे. नक्कल घेतली जाते ती भौतिक पृष्ठांची. पण त्या पृष्ठांत जे दाखले लिहिलेले असतात, अमुक यादी तमुक ठिकाणी आहे असे, ते जवळजवळ सारे आभासी पत्त्यांत. दप्तर हाती नसेल तर कित्येक गिगाबाइटांची नक्कल वाचता येत नाही. दप्तर त्याच नक्कलेत कोठेतरी असते. पण ते कोठे, हे आभासी पत्त्याने सांगितले तर तो पत्ता उलगडावयास पुन्हा दप्तरच हवे! म्हणून पहिल्या तक्त्याची जागा प्रक्रियक आपल्या एका नोंदस्थानात भौतिक पत्त्यानेच धरून ठेवतो. कर्नलच्या स्वतःच्या बऱ्याचशा स्मृतीपुरते काम सोपे आहे: तेथे दोन पत्त्यांत ठरावीक अंतर असते, वजाबाकी केली की झाले. मात्र हल्लेखोरांना ठाव लागू नये म्हणून अलीकडे कर्नल दर वेळी सुरू होताना आपली आभासी जागा यदृच्छेने निवडतो. २०१७ पासून लिनक्समध्ये हे बहुधा आपोआपच होते. त्यामुळे या वेळी तो किती सरकला होता, हा आकडा पंचनाम्यासोबतच्या एका छोट्या टिपणात लिहून ठेवावा लागतो.

तो आकडा चुकला तर? मला सर्वांत चिंताजनक वाटले ते हे की यंत्र नेहमीच तक्रार करीत नाही. चुकीच्या पत्त्यावरही काही ना काही बाइट सापडतातच. गारपिटीचा पंचनामा शेजारच्या गटात उभे राहून केला तरी कागद भरतोच. नुकसान झालेला शेतकरी मात्र बाजूला राहतो. तपासनीस त्या बाइटांवरून निर्दोष भागाला दोषी ठरवितो, आणि खरा दोष यंत्रात तसाच राहून आठवड्याने पुन्हा यंत्र पाडतो.

जाता जाता एक गोष्ट. कोणत्याही कार्यालयातील यंत्राच्या स्मृतीत त्या क्षणी नागरिकांची नावे, खाती, परवलीचे शब्द असू शकतात. ते सारे पंचनाम्यात उतरते. नक्कल घेताना आज्ञावलींची खाजगी पृष्ठे व रिकामी पृष्ठे वगळण्याची सोय मेकडंपफाइल या साधनात आहे. तरीही कर्नलच्या पृष्ठांत काही माहिती उरतेच. तेव्हा ती फाइल बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्यापूर्वी कोणाच्या सहीने पाठवावयाची, हे आपापल्या कार्यालयात विचारून घ्या.