बंद दारामागची प्रार्थना



संयोजकांनी मला ‘कोरोनाकाळातील श्रद्धा’ या विषयावर बोलायला सांगितले. वर्गात ख्रिस्ती आम्ही दोघेच, त्यामुळे हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. मी धर्मोपदेशक नाही, बँकेतला कारकून आहे. म्हणून उपदेश न करता एक कबुली देतो.

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा दिवस. तो रविवार होता. आठवतं तेव्हापासून एकही रविवार मी मंडळीच्या उपासनेशिवाय घालवला नव्हता. त्या दिवशी चर्चला कुलूप लागलं. पुढे १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही घरातच केला. पाळकसाहेब फोनवर बोलत आणि आम्ही पाच जण मोबाईलभोवती बसून ऐकत असू. मला वाटे, आपली श्रद्धा टिकली, जिंकलो.

आमचं घर धुळ्याला, मुंबई-आग्रा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. एप्रिलच्या अखेरीपासून त्या रस्त्याने माणसं चालत निघाली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. शिरपूर ओलांडून मध्य प्रदेशात, तिथून उत्तर प्रदेशात जायचं. मी गच्चीवरून बघत असे आणि खाली येऊन दाराला कडी लावत असे. घरात पंच्याऐंशी वर्षांची आई होती. भीती खोटी नव्हती. संध्याकाळी आम्ही त्या लोकांसाठी प्रार्थना करायचो.

८ मे २०२०. औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर पहाटे मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते रुळांच्या कडेने पायी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. त्या रात्री आपल्या वर्गातल्या एकाचा भुसावळहून फोन आला. तो रेल्वेत नोकरीला. आज तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेतलं तर रागावेल. फोनवर त्याने नेहमीसारखंच अहिराणीत विचारलं, “भाऊ, घरमा बठा बरा शेतस ना?” मग म्हणाला, “ते आमच्याच स्टेशनावर यायला निघाले होते रे.” बराच वेळ तो बोलला नाही. नंतर विचारलं, “तुझ्या घराजवळून तर रोज माणसं जातात. तू काय करतोस?”

मी म्हणालो, “प्रार्थना करतोय.”

तो म्हणाला, “बरं. आणि पाणी?”

मला उत्तर देता आलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात शोमरोनी माणसाचा दाखला आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बघून बाजूने गेला. लेवीही तसाच गेला. थांबला तो परका शोमरोनी. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये मी हा दाखला सांगत आलो, आणि दर वेळी स्वतःला शोमरोनीच समजत आलो. त्या रात्री कळलं, मी याजक होतो. गच्चीवरचा याजक.

सकाळी नळाला पाइप जोडून तो कुंपणाबाहेर सोडला, म्हणजे कोणी जवळ न येता बाटल्या भरून घेईल. बायकोने पोळ्या आणि उकडलेले बटाटे कागदात बांधले. फार मोठं काही केलं नाही. बारा-तेरा दिवस चाललं. पण त्या दिवसांत घरातल्या प्रार्थनेला पुन्हा जीव आला.

देवाने आम्हाला वाचवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. प्रार्थना तेव्हाही केली होती. देवाने का ऐकलं नाही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. साथ पापाची शिक्षा असते, असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. जळगावच्या आपल्या बहिणाबाईंच्या ओंकारला प्लेगने कायमचं अपंग केलं. त्या माउलीने कोणतं पाप केलं होतं? मला एवढंच सांगता येतं की आईच्या दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती, आणि पेटी धरणाऱ्या चौघांत दोघे या वर्गातले होते. देव कुठे होता, असं कोणी विचारलं की मला ते चार हात आठवतात.

जाता जाता एक मागणं. आपल्या ग्रुपवर वाईट बातमी आली की आपण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो, हात जोडल्याचं चित्र टाकतो. ते जरूर करा. पण त्याच दिवशी एकाने तरी त्या घरी फोन करावा आणि विचारावं, “आणि पाणी?” सरांनी आणि बाईंनी हजेरी घेताना गैरहजर मुलाची चौकशी केल्याशिवाय पुढचं नाव कधी घेतलं नाही. तेवढं जरी आपण शिकलो असलो, तरी शाळेचं ऋण थोडं फिटेल.