तळाचा गाळ ढवळताना

बंदरातला गाळ उपसणं म्हणजे नुसती सफाई नव्हे. जपानमधल्या मिनामाता उपसागराच्या तळाशी कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा साठला होता. १९७७ मध्ये गाळ काढण्याचं काम निघालं, तेव्हा काही रहिवासी न्यायालयात गेले. ढवळलेला पारा पुन्हा माशांतून आपल्या ताटात येईल, ही त्यांची भीती होती.

ती रास्तच होती. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, त्यामुळे जड धातू गंधकाशी बांधलेले राहतात. गाळ ढवळला, की ती बांधणी सैल होते. किती विष सुटेल, याचा अंदाज मात्र आधी घेता येतो. एक भाग गाळ आणि चार भाग पाणी अर्धा तास घुसळायचं, तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी तपासायचं. पण बरणीत भरती-ओहोटी नसते. म्हणून प्रत्यक्ष काम चालू असतानाही पाण्याचा गढूळपणा मोजत राहावं लागतं.

मिनामाताचं काम १९८० मध्ये पुन्हा सुरू होऊन १९९० मध्ये संपलं. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली.

तेव्हा कुठल्याही बंदरात गाळ उपसायला निघाले, की खर्चाआधी एवढंच विचारावं: पाणी तपासलं का?