पदवीनंतर डॉक्टरकीकडे: दुसऱ्या संधीचे वर्ष

पदवी हातात आल्यावर वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शिक्षणाकडे वळता येते का, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात दर उन्हाळ्यात अनेक घरांत निघतो. कुणी वणीच्या किंवा पुसदच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेला असतो, कुणी बारावीनंतर एकदा नीट देऊन थोडक्यात मागे राहिलेली असते. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रमच आहे. भारतात तो नाही, पण दार बंदही नाही. कोणते दार उघडे आहे हे नीट कळले, तर एक वर्ष सत्कारणी लागते. न कळले, तर दोन-तीन वर्षे हातची जातात.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी साधारण चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगांसह झालेले असावे लागतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकलेल्याला पुढे डॉक्टर व्हावेसे वाटले, तर हे विषय एक-दोन वर्षांत पुरे करण्याची सोय विद्यापीठांनी केली आहे. पदवीनंतरच्या या अभ्यासक्रमाला तिथे पोस्ट-बॅकलॉरिएट म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर महाविद्यालयाचा आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यासक्रम यासाठी प्रसिद्ध आहे. विषय आधीच शिकलेले, पण गुण कमी पडलेले, अशांसाठी दुसऱ्या प्रकारचे वर्ग असतात. तिथे चांगले गुण मिळवून विद्यार्थी आपली जुनी नोंद सुधारतो. वैद्यकीयसाठी एमकॅट आणि दंतवैद्यकीयसाठी डॅट ही परीक्षा तरीही द्यावीच लागते, आणि प्रवेश समिती गुण, परीक्षा, रुग्णालयातील अनुभव, शिफारसपत्रे आणि मुलाखत हे सारे एकत्र तोलते.

भारतातील पद्धत याच्या नेमकी उलट आहे. इथे एमबीबीएस आणि बीडीएस हे बारावीनंतरचेच अभ्यासक्रम आहेत. बी.एस्सी.चे गुण कितीही चांगले असले, तरी ते गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत आणि त्या तीन वर्षांची सूटही मिळत नाही. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात. जागा ठरते ती नीटच्या गुणांवर. म्हणून अमेरिकेतला विद्यार्थी ज्या वर्षात जुनी नोंद सुधारतो, त्या वर्षात इथल्या विद्यार्थ्याला नोंद सुधारण्यासारखे फारसे काही नसते. त्याला एक परीक्षा अधिक चांगली द्यायची असते. या एका फरकातून पुढचे सगळे नियोजन निघते.

पात्रतेच्या अटी पदवीधराला अनुकूल आहेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत. कमाल वयाची मर्यादा २०२२ पासून उरलेली नाही, आणि परीक्षा किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी, औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेला मुलगा, नोकरी करणारी परिचारिका यांपैकी कुणीही बारावीच्या अटी पूर्ण करत असेल, तर नीटला बसू शकते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. ते कमी असतील, तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून परीक्षा पुन्हा देता येते. बारावीला जीवशास्त्रच नव्हते अशांची वाट पूर्वी अडलेली होती. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती मोकळी केली. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही आता पात्र धरला जातो. गणित घेऊन बारावी झालेल्या कितीतरी मुलामुलींना हे अजून ठाऊक नाही.

पात्र होणे आणि जागा मिळणे यांत मात्र मोठे अंतर आहे. २०२५ च्या नीटला देशभरात २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत. यवतमाळच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. महाराष्ट्रात पूर्वी ७०:३० चे सूत्र होते. विदर्भातल्या जागांपैकी ७० टक्के विदर्भात शिकलेल्यांसाठी असत. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. १९८९ मध्ये सुरू झालेले यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ असले, तरी तिथल्या जागेसाठी आता लातूर, पुणे, नांदेडच्या विद्यार्थ्यांशी एकाच यादीत स्पर्धा करावी लागते. दंतवैद्यकीयचेही तसेच. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची यादीही राज्यभराची असते.

म्हणूनच पुन्हा तयारीचे वर्ष जुन्या गुणपत्रकापासून सुरू व्हायला हवे. नीटचे ७२० गुण असतात: जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक कापला जातो. कोणत्या विषयात किती प्रश्न सोडले, किती चुकले, त्यांतले किती केवळ अंदाजाने खुणावले होते, हे पहिल्या आठवड्यातच कागदावर मांडावे. राज्य मंडळातून आलेल्या मुलांची गाडी बहुधा भौतिकशास्त्रात अडते, कारण तिथे सूत्र पाठ असून भागत नाही, गणित सोडवावे लागते. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची पुस्तके ओळन् ओळ वाचण्याला पर्याय नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्याने परीक्षेसाठी माध्यम बदलू नये. पारिभाषिक शब्दांतच वेळ जातो.

हे वर्षही पुरते बारा महिन्यांचे नसते. निकाल लागल्यावर प्रवेशफेऱ्या काही महिने चालतात आणि आशा लागून राहिलेला विद्यार्थी तेवढा काळ पुस्तकाला हात लावत नाही. दिवाळीला अभ्यास सुरू केला, तर मे महिन्यापर्यंत सहाएक महिनेच उरतात. फेरीकडे लक्ष ठेवावेच, पण जून-जुलैतच अभ्यासाला बसावे. याच महिन्यांत कागदपत्रेही पुरी करावीत: अधिवास, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेयर, आणि शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या आदिवासी कुटुंबांत जात वैधतेसाठी जुने पुरावे शोधण्यात फार वेळ जातो. गुण असूनही केवळ प्रमाणपत्रापायी जागा जाणे यापेक्षा दुःखाची गोष्ट नाही.

या वर्षाची खरी अडचण अभ्यासाच्या पलीकडची आहे. पुन्हा तयारी करणारा विद्यार्थी कोणत्याच महाविद्यालयात नसतो. नियमित प्रवेश नसल्याने शासकीय वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, एसटीचा विद्यार्थी पासही नाही. पैसे असलेले पालक मुलांना लातूर, नागपूर किंवा कोट्याला पाठवतात. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घराला ते झेपत नाही. मुलींच्या बाबतीत तर एक वर्ष घरी म्हणजे लग्नाची बोलणी सुरू. म्हणून अनेक जण बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन सोबत नीटची तयारी करतात. त्यात हजेरी व प्रयोगांचा ताण असतो, पण डोक्यावर छप्पर राहते आणि जागा मिळाली नाही तरी पदवी पुढे चालू राहते. गरीब घरातल्या मुलासाठी हा मार्ग कमी प्रतीचा मानू नये.

छप्पर देण्याचे काम होऊ शकते, याचा दाखला राज्यात आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट या संस्थेने मेळघाटसारख्या भागांतील आदिवासी मुलांना नीटसाठी शिकवले, आणि त्यांतली काही मुले एमबीबीएसला पोचली. शिकवणारे स्वतः नुकतेच या परीक्षेतून गेलेले होते, हे त्या कामाचे मोठे बळ.

किती वेळा प्रयत्न करावा, याचे एकच उत्तर नाही. पहिली परीक्षा बारावीच्या धावपळीत दिलेली असेल आणि अभ्यासक्रम अर्धवट राहिला असेल, तर दुसरा प्रयत्न जरूर करावा. दुसऱ्या वेळीही गुण तिथल्या तिथेच राहिले आणि अभ्यासाची रीत बदललेली नसेल, तर तिसरे वर्ष देऊ नये. बीडीएसची जागा मिळत असेल, तर ती केवळ दुय्यम म्हणून सोडू नये. चार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता झाली की स्वतंत्र व्यवसाय करता येतो, आणि परदेशी जायचे असल्यास अमेरिकेत भारतीय दंतवैद्यांसाठी दोन-तीन वर्षांचे खास अभ्यासक्रमही आहेत. भारतात बी.एस्सी. करून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात थेट जाण्याचा मार्ग मात्र फारच अरुंद आहे. बहुतेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत.

यवतमाळ शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत, तालुक्यातालुक्यात विज्ञान महाविद्यालये आहेत. या तिघांनी मिळून पुन्हा तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एका वर्षाची राहण्याची सोय, एक अभ्यासिका आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांकडून आठवड्याचे काही तास शिकवणी एवढी व्यवस्था येत्या जूनपर्यंत उभी करावी.