सरांचं झाड

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. २०२० साली शासनाने तो जाहीर केला. सुरुवात मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाने, शेवट डॉ. सलीम अलींच्या. मला या आठवड्यात आमचे चित्रकलेचे सर आठवतात. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिल्ली दरवाजाजवळ सलीम अली सरोवर आहे. आमच्या घरात त्याला खिजरी तलावच म्हणत. रविवारी पहाटे सर आम्हाला सायकलींवर तिथं नेत. दुर्बीण एक, पोरं नऊ. पांढरा सदरा घालून आलेल्याला ते सगळ्यांच्या मागे उभं करत. एकदा घरी येऊन मी सांगितलं, तळ्यावर पन्नास वारकरी आलेत. दादी म्हणाली, "अरे, मग चहापाणी कुणी विचारलं का त्यांना?" काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या त्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात, हे तिला पटायला दोन दिवस लागले.

सलीम अलींची गोष्ट सरांनीच सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल की नाही, अशी शंका आली म्हणून पोरानं ती मामांना दाखवली. मामांनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. तिथं पेंढा भरलेले पक्षी बघून पोरगा जो अडकला, तो १९८७ साली डोळे मिटेपर्यंत. १९३१-३२मध्ये निजामाच्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनीच केली, आणि आपलं शहर तेव्हा त्याच संस्थानात. मी छाती फुगवून म्हणालो, "सर, म्हणजे ते आमच्यातले!" सर दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "नाही रे, चिमण्यांतले."

सर गेले तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. कॉलनीच्या बागेत स्मारक करायचं ठरलं. संगमरवरी बाक, भोवती रंगीत फरशी, दोन दिवे. जागा कोपऱ्यातली. तिथं एक वठलेला पांगारा उभा होता. दिसायला वाईट, म्हणून तो काढायचा, असा अर्ज झाला. त्या अर्जावर माझी सही आहे. हे सांगायला आज इतकी वर्षं लागली.

सरांच्या वर्गात चित्रकलेत नापास झालेला, आता गवंडीकाम करणारा आमचा एक मित्र माप घ्यायला आला. टेप खिशात ठेवून तो झाडाकडेच बघत राहिला. अंगठ्याएवढं गोल भोक होतं फांदीच्या खालच्या बाजूला. तांबटाचं. चोच टोकदार पण पक्षी चिमुकला. त्याला जिवंत लाकूड झेपत नाही, वठलेली मऊ फांदीच लागते. ती जुनी भोकं पुढे इतरांच्या कामी येतात. हे सगळं सरांनी याच झाडाखाली आम्हाला दाखवलं होतं. मित्र म्हणाला, "हे तोडलं तर बाकावर बसून बघायचं काय?"

मी कवी माणूस. शोकसभेत सरांवर वीस मिनिटं बोललो होतो. हे वाक्य मात्र त्याला सुचलं.

अर्ज मागे घेताना बरीच बोलणी खाल्ली. झाड पडून कुणाला लागलं तर, हा प्रश्न रास्तच होता. म्हणून वाळक्या बारीक फांद्या उतरवल्या, बाक झाडापासून लांब ठेवला. साध्या शहाबादी फरशीचा, तोंड झाडाकडे. दिवे लावले नाहीत. उरलेल्या पैशांतून दुर्बीण घेतली, ती बागेच्या माळीमामांकडे असते. मागेल त्या पोराला मिळते.

गेल्या पावसाळ्यात वरची एक फांदी मोडून पडली. खोडातल्या मोठ्या ढोलीत सध्या पिंगळ्याची जोडी आहे. दुपारी बाकावर कुणी बसलं की दोघं मान वरखाली करत त्याच्याकडे बघत राहतात.